खिडकीपर्यंतचा रंग

१

लेथचा चक चोरीला गेला होता, आणि तेवढ्या गडबडीत मला बसायला साधं स्टूलही कुणी दिलं नव्हतं.

जुनं यंत्र विकायचं असलं की घेणारा आणि देणारा मिळून मला बोलावतात. मी यंत्र बघते, फिरवते, ठोकते आणि सही करून दाखला देते की बाबांनो, हे असं असं आहे, पुढे तुमचं तुम्ही बघा. वडील हेच काम करायचे, त्यांच्यामागे मी करत आले. आता गुडघे बोलायला लागलेत. कारखाने बंद पडतात, यंत्रं बाहेर निघतात आणि प्रत्येक यंत्रामागे एक म्हातारा उभा असतो, तो मला सांगतो की असं यंत्र आता होत नाही. होत नाही, मान्य आहे. पण मी तरी काय करू? त्या दिवशी निघतानाच ठरवलं होतं, बघायचं, सही करायची आणि घरी येऊन कोमट पाण्यात पाय सोडून बसायचं.

कसलं काय!

घरामागच्या लांबट खोलीत तो लेथ होता. घरमालक मिस्त्रींनी तो भंगारातून सोडवून आणला होता आणि गेली काही वर्षं एकट्याने दुरुस्त करत आणला होता. निम्मा झाला होता. उजवी बाजू बघून थकलेल्या माणसालाही बरं वाटावं: हिरवागार रंग, पितळी तेलकुप्या घासूनपुसून लख्ख, सरकपट्ट्यांवर एक ओरखडा नाही. डाव्या बाजूची गिअरपेटी मात्र जशी आली तशीच. रंगाचे पोपडे, जुनं काळं तेल, जळमटं. आणि त्या पेटीच्या तोंडाशी जिथे चक असायला हवा, तिथे काही नव्हतं.

चक म्हणजे लेथचा पंजा. ज्या लोखंडावर काम करायचं ते या पंजात घट्ट धरायचं आणि गरगरा फिरवायचं. पंजाच नसला तर लेथ म्हणजे नुसता लोखंडी बाक.

“काल संध्याकाळी होता,” मिस्त्री म्हणाले. “मी स्वतः हात लावून गेलो. मग फाटकापाशी जाऊन बसलो, नेहमीसारखा. सकाळी येतो तर हे असं!”

खोलीत आम्ही पाच जण होतो. मी, मिस्त्री, त्यांचा जावई, लेथ विकत घ्यायला आलेले एक सर, आणि दारातच अंग चोरून उभा असलेला मिस्त्रींचा मित्र. तो फिटर, दोघांनी उभा जन्म एकाच कारखान्यात काढलेला. मिस्त्रींच्या पत्नी, काकू, आत चहा टाकत होत्या.

“पोलिसांना बोलवू या,” जावई म्हणाला.

“पोलीस कशाला? चोर इथेच उभा आहे.” मिस्त्री दाराकडे वळले. त्यांचा आवाज चिरकला. “फिट्या, कुठे ठेवलास माझा चक?”

फिटरने मान खाली घातली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

२

“नुसता आळ घेऊ नका,” मी म्हटलं. “कशावरून म्हणता?”

मिस्त्री मला हाताला धरून लेथपाशी घेऊन गेले. “फळी आहे ना अजून? चकाखाली, बेडवर?”

फळी होती. चक उतरवताना निसटला तर खालचा बेड, म्हणजे लेथची लोखंडी बैठक, फुटतो, म्हणून आधी त्याच्याखाली लाकडी फळी सरकवतात. कारागिराला हे कुणी सांगावं लागत नाही.

“भुरटा चोर फळी लावतो का हो ताई? तो आदळून, ओढून नेतो. आणि चक जिथे फिरवून बसवतात त्या उघड्या आट्यांना तेल लावलंय, गंजू नयेत म्हणून. वर फडकं बांधलंय. चोरी केली, पण यंत्राला दुखवलं नाही. एवढी माया असणारी माणसं दोनच. एक मी.”

“आणि तुमच्या मित्राने कशासाठी न्यावा?”

“विक्री मोडायला! अर्धवट यंत्र विकू नकोस, राहिलेलं मी करून देतो, म्हणून माझ्या मागे लागला होता. मी ऐकलं नाही. मग याने हे केलं.” ते दाराकडे बघून म्हणाले, “दुपारपर्यंत चक मिळाला नाही तर मी तक्रार लिहून देणार. तुझं नाव घालून. मग ये माझ्या दारात!”

रागापेक्षा दुःखच जास्त होतं ते. असली भांडणं मी पाहिलेली आहेत. म्हातारपणी तुटलेली मैत्री पुन्हा जुळत नाही. तेवढा वेळच उरलेला नसतो. बाहेर सरांचा टेम्पो उभा होता, पण मला टेम्पोची नाही, त्या दोघांची काळजी वाटायला लागली.

गुडघ्यांना शिव्या घालत मी वाकले आणि नीट बघितलं.

आट्यांवर बांधलेलं फडकं स्वच्छ धुतलेलं, सुती. दुहेरी घडी घातलेली, कडा आत मुडपलेल्या, सुतळीचे वेढे आणि वर सुरगाठ. फळीवर पांढरी पूड सांडली होती. बोटाने चाखायची हिंमत झाली नाही, पण खडूच होता. नाक जवळ नेलं तर रॉकेलचा वास. खाली फरशीचा एक टवका उडालेला, आणि तो काही कालचा नव्हता, त्यात धूळ बसली होती. कोपऱ्यात फुटक्या गिअरांचा ढीग होता.

“हे काय?” मी विचारलं.

“नासलेले भाग. अख्खे टाकत नाही मी,” मिस्त्री म्हणाले. “फोडून टाकतो. नाहीतर कुणीतरी भंगारातून उचलतो, पुन्हा बसवतो आणि कुणाचा तरी हात जातो.”

मी फळीकडे पुन्हा बघितलं. फळी कारागिराची होती. पण ती सुरगाठ मात्र कुठल्याच कारखान्यातली नव्हती.

३

जावयाला मी अंगणात गाठलं. त्याला ती खोली सामान ठेवायला हवी होती, हे त्याने न विचारताच सांगून टाकलं.

“ताई, मला त्या लोखंडाचं प्रेम नाही की वैर नाही. मला ते इथून हललेलं हवंय. चक नाही म्हणून विक्री मोडली तर यंत्र माझ्याच बोकांडी. मी कशाला चोरू? उलट चोर येणार हे कळलं असतं तर राखण केली असती.”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. स्वार्थी माणसाचं एक बरं असतं, त्याचा हिशोब सरळ असतो.

सर टेम्पोपाशी येरझाऱ्या घालत होते. ते कारागिरीचा वर्ग चालवत.

“भाव पाडायला मीच नेला, असं तर नाही ना वाटत तुम्हाला?” ते हसून म्हणाले.

“नेलात का?”

“अहो, मला उद्यापासून पोरांना यावर उभं करायचंय. चकासकट हवा म्हणूनच तर हा धरला. मिस्त्रींच्या हातचा चक म्हणजे डोळे मिटून बसवायचा आणि फिरवायचा, असं सगळे म्हणतात. पोरं समोर गोल करून उभी राहतील, मी चालवून दाखवीन.”

“अगदी समोर?”

“मग? लांबून काय दिसणार?”

का कोण जाणे, मला ते गोल करून उभं राहणं आवडलं नाही. पण त्यांनी काही चोरलेलं नव्हतं, हे दिसतच होतं.

राहिला फिटर. तो मागच्या पायरीवर बसला होता. मीही शेजारी टेकले, कारण स्टुलाची आशा मी सोडली होती.

“तुम्ही नेलात?”

“नेला म्हणा.”

“मी म्हणून काय होतंय? नेलात का?”

“त्याला तसं वाटतंय ना? मग तसंच राहू दे.” त्याने टाचेने माती उकरली. “ताई, एक करा. सरांना म्हणावं, यंत्र घेऊन जा, चक नवा बसवा. जुना शोधत बसू नका. तुमचं ऐकतील ते.”

“म्हणजे विक्री व्हावी असं वाटतंय तुम्हाला?”

“होऊ दे की. त्याने ठरवलंय तर होऊ दे.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. ज्याला विक्री मोडायची होती म्हणून चोर ठरवलं, तोच म्हणत होता की यंत्र जाऊ दे, फक्त चक जाऊ नये.

“तुम्हाला माहीत आहे कुणी नेला ते,” मी म्हटलं.

“मला काही माहीत नाही,” तो घाईघाईने म्हणाला आणि उठून चालायला लागला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, हे त्याच्या पाठीवरूनही कळत होतं.

४

काकूंनी चहाचा ट्रे आणून ठेवला आणि त्या आत गेल्या. मिस्त्रींच्या कपाचा कान बरोबर त्यांच्या हाताच्या दिशेला होता. मी पाय न वाजवता आत आले, तसे ते म्हणाले, “कोण?”

“मीच.”

“ताई होय. बसा ना.” बसायला काही नव्हतं, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही. बशीत चहा ओतताना त्यांनी अंगठा बशीच्या आत ठेवला होता. चहा अंगठ्याला लागला तसे थांबले.

“मिस्त्री, निम्माच का केलात हो लेथ? इतकं देखणं काम, आणि मध्येच सोडलंत.”

“कंटाळा आला.”

“असल्या कामाचा कंटाळा? तुम्हाला?”

“वय झालं की येतो,” ते तुटकपणे म्हणाले.

मी लेथकडे बघितलं. खोलीला एकच खिडकी होती, उजव्या टोकाला. तिचं ऊन लेथवर निम्म्यापर्यंत येत होतं आणि तिथून पुढे सावली. हिरवा रंग जिथे संपत होता तिथेच उजेडही संपत होता. म्हणजे कंटाळा वगैरे काही नव्हता. बिचाऱ्याने दिसलं तिथपर्यंत काम केलं होतं, आणि दिसेनासं झालं तिथे थांबला होता.

डाव्या बाजूला, ऐन सावलीत, चक असायचा. त्याच्याखालीच फरशीचा टवका उडाला होता.

मी रिकामा कप उचलला आणि कप ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले.

काकू ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. फळीवर बरण्यांची रांग होती. प्रत्येक बरणीच्या तोंडाला दादरा बांधलेला: धुतलेलं सुती फडकं, दुहेरी घडी, मुडपलेल्या कडा, सुतळीचे वेढे आणि सुरगाठ. कारखान्यातला माणूस हाताला लागेल ती चिंधी तेलात बुडवून गुंडाळतो. झाकायच्या वस्तूला असा दादरा बांधते ती घरची बाई. तिचे हात दुसरं काही शिकलेलेच नसतात.

गॅसचा सिलिंडर नुसताच जमिनीवर उभा होता. त्याची चाकांची बैठक पिठाच्या मोठ्या डब्याखाली गेली होती.

“काकू,” मी म्हटलं, “पिठाच्या डब्याला कधीपासून चाकं लागली?”

त्यांनी गॅस बंद केला. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, पदराने पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

“बसा ताई,” त्या म्हणाल्या. “सकाळपासून उभ्या आहात.”

५

“या घरातला एकही पुरुष पिठाच्या डब्यात हात घालणार नाही, हे मला ठाऊक होतं,” काकू म्हणाल्या. हसायचा प्रयत्न केला त्यांनी, पण जमला नाही.

“एकटीने उतरवलात?”

“इतकी वर्षं यांचं बघत आले. जबड्यात लाकूड अडकवायचं, उलटा झटका द्यायचा. वजन काय, दोन बादल्या पाण्याएवढं. पाणी नाही का भरलं आम्ही?” त्या खाली बसल्या. “मध्ये यांच्या हातून तो चक निसटला. फळी आहे असं समजून सोडला यांनी, आणि फळी होती वीतभर बाजूला. खाली आपटला. मी धावत गेले तर म्हणाले, काही झालं नाही. सगळीकडून हात फिरवला, नख फिरवलं. वर ग्रीस, रंग. नखाला काय लागणार?”

“तुम्हाला संशय आला.”

“आवाज आवडला नव्हता मला. काल ते फाटकापाशी गेल्यावर रॉकेल लावलं, पुसलं, वर खडू फासला.”

ही कारागिरांची जुनी रीत. रॉकेल तड्यात मुरतं. वरून पुसलं तरी आतलं हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते.

“रेघ आली?”

“केसाएवढी. या टोकापासून त्या टोकापर्यंत.” त्यांनी तोंडाला पदर लावला. “आणि सर सांगत होते, पोरं समोर उभी करणार म्हणून. वेगात फुटला असता तर काय हो झालं असतं?”

“मग मिस्त्रींना सांगितलं का नाहीत?”

“काय सांगू? की अहो, तुम्हाला दिसलं नाही?” त्या एकदम रडायला लागल्या. “त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही ताई, की दिसत नाही म्हणून. मीही विचारलेलं नाही. त्यांचा हात जाईल तिथे वस्तू ठेवते. ते म्हणतात, म्हातारपणी का होईना, नीट ठेवायला शिकलीस. मी हो म्हणते. यंत्र विकायचं त्यांनीच काढलं. म्हटलं, मानाने जाऊ दे. चक चोरीला गेला तर चोराचं नाव होईल, यांचं नाव राहील.”

“आणि चोर म्हणून फिटरभाऊंचं नाव झालं.”

“तेवढं मला सुचलंच नाही हो! फळी लावली ती सवयीने. त्या फळीनेच घात केला. भाऊजींनी दादरा बघितला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं. तरी बोलले नाहीत. देवमाणूस आहे तो.”

मागच्या खोलीतून मिस्त्रींचा आवाज आला. “जावईबापू, लावा पोलिसांना फोन. आता मी थांबणार नाही.”

६

मी खोलीत गेले तेव्हा सर आत आले होते, फिटर पुन्हा दारात उभा होता आणि जावयाने फोन कानाला लावला होता. तो मी काढून घेतला.

“मिस्त्री, तुमचा मित्र चोर नाही,” मी म्हटलं. “त्याला विक्री मोडायची असती तर यंत्र घेऊन जा, चक नवा बसवा, असं तो मला म्हणाला नसता. आणि हे घ्या, हाताने बघा.” मी त्यांचा हात आट्यांवर बांधलेल्या फडक्यावर ठेवला. “ही गाठ फिटरची आहे?”

त्यांची बोटं घडीवरून, मुडपलेल्या कडेवरून फिरली आणि सुरगाठीवर येऊन थांबली.

“ही आमच्या घरची गाठ आहे,” ते हळूच म्हणाले. “पण तिने कशाला...?”

हीच जागा अवघड होती. खरं सांगितलं तर म्हातारा मोडणार, खोटं सांगितलं तर दोन म्हातारे दुरावणार. मी थकले होते आणि मला तिसरं काही सुचत नव्हतं.

“चकाला तडा आहे,” मी म्हटलं.

“शक्य नाही. मी तपासलाय.”

सरांनी खिडकीकडे बघितलं, मग रंग संपला होता तिथे बघितलं. त्यांनाही कळलं असावं. सगळे गप्प आहेत हे मिस्त्रींना ऐकू आलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

“आणा तो,” ते म्हणाले.

काकूंनी पिठाचा डबा दाखवला, तसे सर आणि जावई पिठाने माखलेला चक घेऊन आले. फिटरने मुकाट्याने त्याचे जबडे काढले, दोरी ओवली आणि चक हवेत धरला. मिस्त्रींनी हातोडीची लाकडी मूठ घेऊन ठोकलं.

बद्द वाजला.

मडकं घेणाऱ्या बाईलाही कळेल असा आवाज होता तो. मिस्त्रींनी पुन्हा ठोकलं नाही.

“पडला तेव्हाच ऐकला होता हा आवाज,” ते म्हणाले. “मानला नाही मी. मानला असता तर पुढचंही मानावं लागलं असतं.” मग ते फिटरकडे वळले, त्याच्या श्वासाच्या अंदाजाने. “फिट्या, चुकलो रे मी.”

“राहू दे.”

“राहू कसं दे? चोर म्हटलं तुला. चार माणसांत.”

“मग चार माणसांत एकदा चहा पाज आणि गप्प बस,” फिटर म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

“घण कुठे आहे?”

नासलेला भाग ते अख्खा टाकत नव्हते. फिटरने चक फरशीवर ठेवला आणि घण त्यांच्या हातात दिला. मिस्त्रींनी तो खांद्याच्या वर उचलला आणि तसेच उभे राहिले. घण खाली येईना.

“माझ्या पायावर मारू नकोस म्हणजे झालं,” फिटर म्हणाला. “सकाळपासून दिवस माझाच वाईट चाललाय.”

मिस्त्रींनी घण खाली टेकवला.

“अगं,” त्यांनी दाराकडे हाक मारली. काकू तिथेच उभ्या होत्या. “कुठे आहे तडा? मला दिसत नाही.”

काकू पुढे आल्या. शेजारी बसल्या, त्यांचं बोट आपल्या हातात धरलं आणि चकावर ठेवलं. “इथून,” त्या म्हणाल्या. “असा, खालपर्यंत.”

“हं. आता कळला. सरक बाजूला.”

दुसऱ्या घावाला चकाचे दोन तुकडे झाले.

सरांनी लेथ नेला, चकाशिवाय. मी लेथच्या बेडवर कागद ठेवून दाखला लिहिला: अर्धा दुरुस्त, चक नाही. मिस्त्रींनी वाचून दाखवायला सांगितलं.

“चक मालकाने फोडला, असं लिहा,” ते म्हणाले. “आणि डावी बाजू का राहिली तेही लिहा. उगाच कुणी म्हणेल, मिस्त्रीला कंटाळा आला.”

मी लिहिलं आणि सही केली.